फोटोतली इस्त्री

(मेंदूचे फोटो काढणाऱ्या मशीनशेजारची खोली. काचेपलीकडे बहीण मशीनच्या नळीत आडवी. तिचा आवाज टेबलावरच्या स्पीकरमधून येतो. इकडचं बोलणं मात्र बटण दाबल्याशिवाय तिला ऐकू जात नाही.)

भाऊ : नाही, पण मॅडम, सैल झालेला स्क्रू नेमका कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा ना. घरी सांगायला बरं पडेल.

मशीनवाली : मेंदूत स्क्रू नसतो. असता तर त्यांना आत घेतलंच नसतं. हे मशीन म्हणजे भलंमोठं लोहचुंबक आहे.

भाऊ : मग पडद्यावर हे करडं करडं काय दिसतंय? अक्रोड?

मशीनवाली : तुमच्या बहिणीचा मेंदू.

भाऊ : म्हणजे अक्रोडच. आणि ते लाल-पिवळं कुठाय? मी मोबाइलवर बघितलंय. वेड्याच्या डोक्यात सगळं लालेलाल पेटलेलं, शहाण्याच्या डोक्यात निळं गार.

मशीनवाली : रंग आम्ही नंतर भरतो. पुष्कळ लोकांचे फोटो एकत्र करायचे, हिशेब मांडायचा, मग रंग. एकट्या माणसाचा फोटो बघून त्याला हा आजार आहे की नाही, ते मलाही सांगता येत नाही.

भाऊ : नंतर रंगवता? कमाल आहे! आमच्या लॉन्ड्रीत डाग काढतात, तुमच्या इथे घालतात.

मशीनवाली : तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल.

भाऊ : छे छे, सख्खा भाऊ आहे मी. नातेवाइकाने सोबत थांबावं असं तुम्हीच म्हणालात. आणि एक काम करा, हिच्यानंतर माझा फोटो काढा. नॉर्मल डोकं कसं असतं ते शेजारी ठेवून बघता येईल.

मशीनवाली : तुलनेसाठी निरोगी माणसं आम्ही वेगळी निवडतो.

भाऊ : मग?

मशीनवाली : तुम्हाला निवडलेलं नाही.

बहीण : बाई, आवाज थांबला. संपलं का?

मशीनवाली : पहिली फेरी झाली, ताई. आता दुसरी, फोटोंची. आधी साध्या वस्तू येतील, मग तुमच्या दुकानातल्या. जीव किती घाबरा होतोय ते हातातल्या बटणांवर सांगायचं. काहीच नाही तर एक, फारच झालं तर चार. सहनच नाही झालं तर डाव्या हातातला फुगा दाबा, मी मशीन थांबवीन.

बहीण : फुगा नाही दाबणार. दादा आहे का तिथे?

भाऊ : मी बोलू? हे बटण ना? हॅलो! हॅलो, आतमध्ये कोण आहे?

बहीण : ओरडू नकोस, कानातच बोलतोयस. ठरलंय ते लक्षात आहे ना? फुगा न दाबता बाहेर आले की दुकानाची किल्ली माझी.

भाऊ : आहे, आहे. ही बघ खिशात खुळखुळतेय. ऐकलीस?

बहीण : आणि दादा... सकाळी दुकानातले फोटो काढून झाल्यावर तू इस्त्री बंद केलीस ना?

भाऊ : ...

बहीण : दादा?

भाऊ : बघा मॅडम, तोंडातून चकार शब्द काढला का मी? नियम म्हणजे नियम. तिच्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलंय, ‘बंद केलं का’ विचारलं की घरच्यांनी उत्तर द्यायचं नाही. एकदा सांगितलं की अजून दहादा विचारते, खोड जास्तच पक्की होते. मला तर डॉक्टर भलताच आवडला. माझ्या बायकोची जन्माची तक्रार, मी विचारलेल्याला उत्तर देत नाही. आता तेच औषध निघालं!

मशीनवाली : बटण सोडा. सगळं ऐकतायत त्या.

भाऊ : ऐकू दे की. सुरू करा तुम्ही. बाप रे! हा काय आवाज? खडी फोडताय का डोक्यात?

मशीनवाली : मशीन असंच वाजतं. फोटो बघायचे तर या पडद्यावर बघा. त्यांना दिसतं तेच इथे दिसतं.

भाऊ : खुर्ची. बादली. वा, छान बादली. पुन्हा खुर्ची. किती दाबला तिने?

मशीनवाली : एक.

भाऊ : खुर्चीला घाबरत नाही म्हणजे. नशीब आमचं, नाहीतर दुकानात उभं राहावं लागलं असतं. मॅडम, तुम्हाला कल्पना नाही आम्ही काय भोगलंय. शटर ओढायचं, कुलूप लावायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं, की ही परत. कुलूप काढ, शटर वर, इस्त्रीला हात लाव, प्लगला हात लाव, बटणाला हात लाव. परत कोपऱ्यापर्यंत. परत मागे. रस्त्यावरचं कुत्रं आधी भुंकायचं, मग तेही कंटाळलं. नुसतं एक डोळा उघडून बघायचं, हिची कितवी खेप.

मशीनवाली : त्यांना ते आवडत नसणार.

भाऊ : न आवडायला काय झालं? शुद्ध नाटक. आमच्या मावसबहिणीच्या लग्नाला काय केलं माहितीये? इस्त्री पर्समध्ये घालून आली!

मशीनवाली : इस्त्री?

भाऊ : लॉन्ड्रीची जुनी, जडशीळ इस्त्री! बरोबरच असली म्हणजे बंद आहे का ते बघायला मागे जायला नको, म्हणे. सगळ्या बायका पर्समधून रुमाल काढतायत, ही मधूनमधून हात घालून इस्त्री गार आहे का बघतेय. आणि जेवायच्या वेळी पर्सचा पट्टा तुटला.

मशीनवाली : अरेरे.

भाऊ : थेट नवऱ्यामुलाच्या काकांच्या पायावर! ते काका फोटोत सगळीकडे एका पायावर उभे आहेत. त्याच दिवशी मी हिच्याकडून किल्ली काढून घेतली. म्हटलं, बाई गं, कपड्यांना तू इस्त्री कर, तुझ्यासारखा कोट कुणाला जमत नाही, पण दुकान उघडणार मी आणि बंद करणार मी. तेव्हापासून सकाळी दुकानाबाहेर पायरीवर माझी वाट बघत बसते.

मशीनवाली : दुकान तुमच्या एकट्याचं आहे?

भाऊ : दोघांच्या नावावर आहे. पण नाव असलं म्हणून काय झालं? डोकं पण लागतं. हां, आला बघा माझा फोटो! शटर. हे कुलूप. आणि ही... ही बघा! कशी आलीय?

मशीनवाली : चार दाबला त्यांनी.

भाऊ : दाबणारच! बघा की, लाल दिवा कसा लागलाय. प्लेटवर जराशी वाफसुद्धा आलीय.

मशीनवाली : बाकीचे नातेवाईक बंद वस्तूंचे फोटो आणतात. चालू इस्त्रीचा पहिल्यांदाच बघतेय.

भाऊ : ते लोक वेठ उरकतात. तुम्ही म्हणालात, घरच्याने फोटो काढावेत, ते खरे वाटावेत, आणि काढताना पेशंट जवळ नको. म्हणून हिला बाहेर उभं केलं. प्लग लावला, इस्त्री चांगली तापू दिली, खाली माझा स्वतःचा कोट पसरला. करायचं तर मन लावून. फोटोत जान नको का?

मशीनवाली : आणि मग?

भाऊ : मग काय, ही बाहेरून ओरडायला लागली, गाडी आली, गाडी आली. खाड्कन शटर ओढलं आणि आलो.

मशीनवाली : आणि प्लग?

भाऊ : कसला प्लग?

मशीनवाली : इस्त्रीचा. काढलात?

भाऊ : हॅ हॅ हॅ! मॅडम! तुम्हालाही लागलं? साथीचा रोग आहे की काय हा? दिवसभर असल्यांच्यात बसून तुमचाही अक्रोड झाला!

मशीनवाली : मी सरळ प्रश्न विचारतेय.

भाऊ : अहो, काढला असणार. मी काय वेडा आहे? चालू इस्त्री कोण सोडून येईल?

मशीनवाली : फोटो काढला. ओरडा ऐकला. शटर ओढलं. यात प्लग कुठे येतो?

भाऊ : मधे येतो. हाताला सवय असते हो. शहाण्या माणसाचा हात आपोआप जातो, आठवावं लागत नाही. आठवत बसतो तो वेडा.

मशीनवाली : दुसरी फेरी झाली. ताई, बऱ्या आहात?

बहीण : बाई, इस्त्रीच्या फोटोत लाल दिवा आहे.

मशीनवाली : हो.

बहीण : आजचाच फोटो आहे तो. टेबलावर मी काल बदललेली चादर आहे.

भाऊ : द्या इकडे ते बटण. काय गं शहाणे, सुरू झालं का तुझं?

बहीण : दादा, तुझा कोट आहे खाली.

भाऊ : मग काय तुझा ठेवू?

बहीण : फुगा माझ्या मुठीत आहे. दाबावासा वाटतोय.

भाऊ : दाब की! दाब! आणि किल्लीला टाटा कर.

बहीण : नाही दाबत. डॉक्टरांनी शिकवलंय, डोक्यातली घंटा वाजते म्हणून आग लागलेली नसते. घंटा वाजू द्यायची, आपण पडून राहायचं. पडून राहते मी.

भाऊ : शाब्बास! बघा मॅडम, मला आता पटायला लागलं. तुमच्या उपचारात दम आहे.

मशीनवाली : बटण सोडा आणि इकडे बघा. दुकानाशेजारी कुणी आहे का फोन करायला?

भाऊ : टेलर आहे. पण त्याला काय सांगू, माझी बहीण वेडी आहे तर जरा भिंतीला नाक लावून बघ? हसेल तो... अरे, त्याचाच फोन येतोय. योगायोग बघा. हां, बोल मास्तर! काय? मोठ्याने बोल, नीट ऐकू येत नाही... कसला वास?... कुठून?... आमच्या शटरखालून?

मशीनवाली : विचारा आग आहे की नुसता धूर.

भाऊ : मास्तर, आग आहे की नुसता... धूर. काळा की पांढरा?... नाही, मला काय कळणार त्यातलं, मी आपलं विचारलं... मेन स्विच मागच्या गल्लीत आहे रे, पेटीत, तुला नाही... बंद केलास? कधी?... तुला कुणी दाखवला?... हं... हं. बरं. कुलूप तोडतोस? तोड, तोड, तोड! मेन नक्की बंद केलास ना?... हो, ऐकलं. म्हणजे खाली ओढलास ना?... हो हो, ऐकलं रे. ठेवतो.

मशीनवाली : बसा. पाणी घ्या.

भाऊ : मागच्या वर्षी हिनेच त्याला मेन दाखवून ठेवलाय, म्हणे. कधी वास आला तर ओढा. दुकानात उभं राहून हसलो होतो मी दोघांना.

मशीनवाली : आठवतंय म्हणजे काही काही.

भाऊ : मॅडम, हिला यातलं काही सांगायचं नाही.

मशीनवाली : का?

भाऊ : उपचार! एवढ्या महिन्यांचे उपचार पाण्यात जातील. घंटा खोटी असते असं तिला इतकं पटवलंय, आणि आजच नेमकी खरी निघाली म्हटल्यावर ती आयुष्यभर... तिच्या भल्यासाठीच म्हणतो मी. मी गुपचूप जातो, नवा कोट घेतो, भिंतीला रंग देतो...

मशीनवाली : रंग नंतर भरणार. आमच्यासारखाच.

भाऊ : थट्टा काय करताय? तुमच्याच नियमाने बोलतोय मी. उत्तर द्यायचं नाही!

मशीनवाली : नियम असा आहे की, इस्त्री बंद करायची आणि मग उत्तर द्यायचं नाही. तुम्ही पहिला भाग गाळलात. हे बटण. तुम्ही सांगा, मी नाही सांगणार.

भाऊ : हॅलो... अगं, ते आपलं... दुकानात जरा गरम झालंय.

बहीण : काय जळलं?

भाऊ : जळलं असं काही... टेबल आहे थोडंफार. टेलरने मेन बंद केलाय. आग नाही, धूरच आहे.

बहीण : गिऱ्हाइकाचे कपडे?

भाऊ : ते तिकडे कपाटात. ते ठीक आहेत.

बहीण : मग काय जळलं?

भाऊ : माझा कोट.

बहीण : अच्छा. मग काही नाही.

भाऊ : काही नाही काय? लोकरीचा होता!

बहीण : बाई, आहात ना? एक विचारू? म्हणजे मला आजार नाहीच का?

मशीनवाली : आजार आहे, ताई. आणि आज इस्त्रीही चालू होती. दोन्ही खरं आहे.

बहीण : हं. मला एवढंच सांगायचंय, तुमच्या कामाला येत असेल तर. लाल दिवा दिसला ना, तेव्हा आतला आवाज रोजच्यासारखाच होता. जरासुद्धा वेगळा नाही. रोज खोटं असतं तेव्हा जेवढा मोठा वाजतो, आज खरं होतं तरी तेवढाच. मला कळायला काही मार्गच नव्हता.

मशीनवाली : तेच शोधतोय आम्ही. डोळ्यांच्या वरच्या भागापासून आत खोलवर एक वाट जाते आणि फिरून परत येते. ‘काम झालं, आता पुढे चल’ हा निरोप त्या वाटेने मिळतो. या आजाराच्या पुष्कळ जणांत ती वाट गरजेपेक्षा जास्त राबताना दिसते. सगळ्यांत नाही, पण पुष्कळांत. काम झालेलं असतं, निरोप पोचत नाही.

बहीण : दहादा हात लावला तरी?

मशीनवाली : हाताला कळतं. निरोप अडकतो.

बहीण : आणि बाई, असाही मेंदू असतो का, ज्याच्यात घंटाच नाही? म्हणजे दिवा स्वतः लावला, फोटो स्वतः काढला, तो फोटो इथे पडद्यावर बघून ‘कशी आलीय’ असंही म्हटलं असणार...

भाऊ : तुला कसं कळलं?

बहीण : लहानपणापासून ओळखते मी तुला. असतो का, बाई, असा मेंदू?

मशीनवाली : पुष्कळ असतात. पण ते तपासायला येत नाहीत. सोबत येतात.

भाऊ : हसा, हसा दोघी. पडलेल्याला लाथ मारा. मी चाललो दुकानात. तू बाहेर ये, आपण जाऊ. एक मिनिट, टेलरला परत विचारतो, मेन खालीच ओढलाय ना ते.

मशीनवाली : मघाशी दोनदा विचारलंत.

भाऊ : तो घाईत बोलला हो. त्या पेटीत दोन खटके आहेत. एक आमचा आणि एक जिन्याचा. जिन्याचा ओढला असला तर? अगं, आमचा डावीकडचा ना? डावीकडचाच ना गं? बोल की!

बहीण : ...

भाऊ : अगं, तुला विचारतोय!

बहीण : नियम आहे, दादा.

भाऊ : मॅडम, मला पण झालं का हो हे?

मशीनवाली : नाही. दुकान खरंच धुमसत असताना दोनदा विचारणं हा आजार नव्हे. तुमच्या बाबतीत तर ही सुधारणा आहे.

बहीण : बाई, अजून एक फेरी राहिलीय ना?

मशीनवाली : राहिलीय. पण आता तुमची मनःस्थिती... आपण थांबू शकतो. पुन्हा कधी या.

बहीण : दुकानात टेलर आहे, मेन बंद आहे. मी जाऊन काय करणार, हात लावून बघणार? तेच तर करायचं नाहीये. दादा, तू जा. किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवून जा.

भाऊ : किल्ली? अगं, कुलूप तोडलंय त्याने! कशाची किल्ली मागतेस आता?

बहीण : ठरलं होतं. फुगा नाही दाबला मी.

भाऊ : ही घे. ठेवली. तुटक्या कुलपाची किल्ली घेऊन नाचत बस.

बहीण : येताना नवं कुलूप घे. त्याच्या दोन्ही किल्ल्या माझ्याकडे.

भाऊ : दोन्ही? आणि मी काय करू?

बहीण : पायरीवर बस सकाळी. मी येईन उघडायला. वेळेवर नाही येणार कदाचित. अजून बरी झाले नाहीये मी. कोपऱ्यापर्यंत जाऊन मागे येत असेन.

भाऊ : आणि तोवर मी पायरीवर?

बहीण : त्या कुत्र्याशी गप्पा मार.

भाऊ : ...जातो मी. मॅडम, तो फोटो मात्र काढून टाका तुमच्यातून. चारचौघांत दाखवाल कुठे.

मशीनवाली : खालच्या मजल्यावर गाडी मिळेल. दार ओढून घ्या. घेतलंत का ओढून? ...नाही. उघडंच टाकून गेला. ताई, आता आपण दोघीच. पुढच्या फेरीतून इस्त्रीचा फोटो काढून टाकते.

बहीण : राहू द्या, बाई. ती आता बंद आहे, हे मला ठाऊक आहे. बघू या, निरोप पोचतो का.